पाणबुडीच्या नाकावरचं कुंकू

पाणबुडीच्या नाकावर नारळ मी फोडला. शेजारच्या दगडावर नाही, जमिनीवर नाही, थेट नाकावर, तीन दणके देऊन.

पाणबुडी खरी नव्हती, खरी आमच्या कुपवाडच्या शेडमध्ये मावली नसती. नौदलाच्या एका प्रयोगशाळेसाठी आम्ही तिचं मोठं मॉडेल करत होतो. लांबीला ट्रकभर, धड लोखंडी आणि पुढचं गोल नाक फायबरचं. तळ्यात सोडून ती पाण्याखाली कशी वळते, किती आवाज करते, हे तिथले लोक मोजणार होते. त्या कामावर सुपरवायझर मी. रहिमतपूरच्या विहिरीत पोहायला शिकलो, समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला, तोही लांबून.

नाक केलं होतं चाचांनी. चाचा मिरजेचे, साठीला टेकलेले फायबर मिस्त्री. पुरात सांगलीतली माणसं काढायला होड्या फिरल्या, त्यातल्या बऱ्याच त्यांच्या हातच्या. राळेत भिजवलेल्या काचेच्या कापडाचा एकेक थर चढवायचा आणि रोलर फिरवून आतली हवा काढायची, हे काम ते कुणाला शिवू देत नसत. मालक मात्र धास्तावलेले. मालक म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांनी चाचांना सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "टिकलं तर पुढच्या दोन्ही मॉडेलांची नाकं तुमची. फुटलं तर साचे उचला आन् घरी बसा. मला पुण्याची माणसं मिळत्यात."

चाचा म्हणाले, "फुटलं तर तुमी सांगायच्या आधी जातो."

चाचणी शुक्रवारी दुपारी. नौदलाचे साहेब येणार होते, सुभेदार त्यांना आणायला स्टेशनवर गेले, चाचा नमाजाला गेले. आमच्याकडे नवं यंत्र नारळाशिवाय सुरू होत नाही, अगदी साधं ड्रिल असलं तरी. हार घातला, उदबत्ती लावली आणि वेल्डर म्हणाला, "साहेब, फोटो काढतो, नाकावरच हाना." फोटो म्हटलं की माझी अक्कल रजेवर जाते. नारळही जातिवंत निघाला. पहिल्या दोन दणक्यांना नुसता आवाज देत राहिला, तिसऱ्याला फुटला.

पाणी पुसलं तेव्हा नाकावर रुपयाएवढी पांढरी चांदणी दिसली. रंगाखाली फायबर तडकलं की ते असं पांढरं पडतं, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी घाईघाईने त्यावर हळदीकुंकवाचा ठसठशीत मळवट भरला. परत आल्यावर चाचा म्हणाले, "लय झ्याक सजवलीय." मी हसलो.

चाचणी साधी. आत हवा भरायची, सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले की गळती समजायची. दाब स्कूटरच्या चाकापेक्षाही कमी. पण तेवढाच दाब एवढ्या मोठ्या नाकावर आतून पसरतो, तेव्हा उसाने भरलेली बैलगाडी रेटा देत असते. हे गणित मी डिप्लोमाला सोडवलं होतं, पासही झालो होतो.

सुभेदार साहेबांना घेऊन आले, हवा सुरू झाली. दाबाचा काटा वर चढत होता. चाचा बाजूला बसून सांध्याला ब्रश मारत होते. मी त्यांना म्हणालो, "चाचा, जरा लांब व्हा की." का, ते सांगितलं नाही.

"गळती लांबून दिसती व्हय रं?" ते म्हणाले, आणि नाक फुटलं.

आवाज कानांनी ऐकला नाही, छातीला लागला. नाकाचे तुकडे समोरच्या लेथवर आदळले, एक पत्रा फोडून वर गेला. अख्खं धड मागे उसळून ड्रिल मशीनवर धडकलं आणि मशीन आडवं झालं. हवेचा पाइप उपटला गेला. तो सापासारखा वळवळत माझ्या नडग्यांवर फटके मारू लागला, आणि कुणीतरी कॉम्प्रेसर बंद करेपर्यंत मी शेडभर नाचलो. नौदलाचे साहेब खांबामागे होते म्हणून वाचले. सुभेदारांची भुवई फाटली होती. चाचा बादलीसकट उताणे, कोपरापासून मनगटापर्यंत हात चिरलेला.

सुभेदारांनी डोळ्यातलं रक्त पुसलं, चाचांना गळपट्टी धरून उठवलं आणि भिंतीवर आपटलं. मग थोबाडीत दिली. एक, मग दुसरी. मी तिथेच चार हात लांब उभा राहून बघत होतो.

चाचांनी हात उचलला नाही. "माझाच एखादा थर कच्चा राहिला आसंल," ते हळू म्हणाले. चिरलेल्या हाताला चिंधी गुंडाळून त्यांनी रोलर पिशवीत टाकला, मग कात्री, मग ब्रश. पिशवीचा बंद त्यांना एका हाताने बांधता येईना. तो बांधून द्यायला मी खाली बसलो, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"चाचा, थर कच्चा न्हवता. मी नाकावर नारळ फोडला. तडा दिसला, त्यावर कुंकू लावलं."

चाचांनी लेथखालचा हळदीने पिवळा झालेला तुकडा शोधून काढला आणि उलटा केला. सगळे तडे त्या मळवटाखालून निघून चारी बाजूंना धावले होते. तुकडा त्यांनी सुभेदारांच्या हातात दिला. मग माझ्याकडे वळून चांगल्या हाताने असा ठोसा ठेवून दिला की माझं नाक कुरकुरलं आणि मी हारावर जाऊन पडलो.

सुभेदारांनी त्या तड्यांवरून बोट फिरवलं. मग स्वतः चाचांच्या पिशवीचा बंद सोडून रोलर बाहेर काढला. "मिस्त्री, माझं चुकलं," ते म्हणाले. "नवं नाक किती दिसांत?"

"धा दिस."

"आन् ह्याचं?" सुभेदारांनी माझ्याकडे बोट केलं.

चाचांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ह्याच्या नाकाला काय बी करू नका. बिघाड वर डोक्यात हाय, आन् तितं मला थर चढवता येत न्हाई."