स्पिरिटात लाख आधी टाकावी

कपाट करायचं तर आधी ते कोरडं जोडून बघावं, सरस न लावता. कूस, म्हणजे फळीची पुढं काढलेली जीभ, खाचेत हातानं दाबून बसली पाहिजे. हातोडीचे घाव घालावे लागले तर समजावं, कुठंतरी चुकलंय. मग सुतळीनं दोन्ही तिरपी मापं घ्यावी. सारखी आली तरच सरस तापवायला ठेवावा.

हे मला कुणी शिकवलं नाही, बघून बघून आलं. आमचे मालक सुतार. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर सिल्लोडकडचं गाव सोडून आम्ही इथं शहरात आलो. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत दुकान, दुकानामागं घर. ते जोडायचे, मी पॉलिश करायची.

पॉलिश म्हणजे काय, तर लाखेच्या पापड्या स्पिरिटात विरघळवायच्या अन् मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्यानं ते पाणी लाकडाला चढवायचं. पातळ हात, पण पुष्कळ. त्यात अवघड काही नाही. अवघड होतं ते स्पिरिट घरात ठेवणं. मालक ते प्यायचे. शेजारचा खरादी, पलंगाचे पाय कातणारा, तोही प्यायचा.

डॉक्टरांनी बजावलं होतं, यानं आधी डोळे जातील, मग माणूस. म्हणून बाटली आली की मी उभ्या उभ्याच तिच्यात लाख टाकायची. लाख पडली की त्यांना ते घशाखाली उतरत नसे.

खरादी म्हणायचा, "वहिनी, बूच निघायच्या आधी तुमची लाख हजर! वास तरी घेऊ द्या की."

"वासच पाहिजे तर मोरीपाशी बसा भावजी, तिथं कुणी हटकणार नाय."

मालक खाली मान घालून रंधा मारत हसायचे. मलाही हसू यायचं. लक्ष मात्र बाटलीवर.

मग लग्नाच्या एका सागवानी कपाटाचं काम आलं. मालकांनी ते जोडलं, सरस वाळला. त्याच सुमारास मी दौलताबादला बहिणीकडं गेले, अन् बाटली माझ्या माघारी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतले तर खरादीच्या घरातून त्याच्या बायकोचा हंबरडा ऐकू येत होता. तो पहाटेच गेला होता. आमच्या दुकानात मालक पाटावर बसलेले.

"आलीस व्हय? दार उघड की. किती अंधार करून ठेवलाय."

दार सताड उघडंच होतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं उजाडलं तर उजाडेल, भरवसा नाही. घरी आणलं. त्यांनी कपाटापाशी न्यायला सांगितलं. दोन्ही हातांनी ते चाचपत राहिले, माणसाला चाचपावं तसं.

"डाव्या दारावर सरस सांडलाय. काढ. सरस राहिला तिथं पॉलिश धरत नाय."

मी काचपेपर मारला, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. बाटलीत जे उरलं होतं त्यातलं पेलाभर शेवटच्या पुसणीसाठी बाजूला काढून बाकीत लाख टाकली. दुसरं स्पिरिट मी कुठून आणणार होते? पण हवा पावसाळी. दोन हात चढले अन् कपाट पांढरं पडलं, धुकं बसल्यासारखं.

"पांढरं पडलंय," मी म्हणाले.

"थांब मग. ऊन पडलं की नुसत्या स्पिरिटाचा बोळा हलकेच फिरव. उतरंल."

तेव्हापासून रोज सकाळी उठले की विचारायचे, "ऊन पडलं का गं?" मी म्हणायची, नाय. कपाटाचं विचारतात की डोळ्यांचं, हे मला कळायचं नाही. मीही विचारायची, काही उजाडतंय का? तेही म्हणायचे, नाय.

एका सकाळी मी पेला घेऊन कपाटापाशी बसले. बोळा बुडवला तसा वास सुटला. मालकांनी तोंड फिरवलं, दाराकडं केलं.

"ऊन पडलंय," म्हणाले.

माझ्या हातातला बोळा तसाच राहिला. "दिसतंय?"

"नाय. गालाला लागतंय."

मी बोळा पिळला अन् डाव्या दारापासून सुरुवात केली.