विजेची दाढी

"हात फिरवून बघा," असं म्हणून तो गल्लीत भेटेल त्याच्यापुढे आपला गाल करायचा. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. आमचा हा नगरच्या लष्करी कचेरीत कारकून होता. त्याचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा दाढीचं विजेचं मशीन याला देऊन गेला. देशाला स्वातंत्र्य मिळालं आणि आमच्या गल्लीचं गेलं.

"वस्तरा म्हणजे रानटीपणा. साहेब लोक अस्सं करतात," म्हणत तो आम्हांला दाढी बघायला बोलवायचा. घरात विजेचा दिवा एकच. त्याचा गोळा काढून तिथे मशीनची वायर अडकवायची, म्हणजे खोलीत अंधार. मग बायकोने कंदील धरून उभं राहायचं. कंदील जरा हलला की तो तिला चारचौघांत 'आंधळी' म्हणायचा.

त्याचे वडील, अण्णा, मूळचे कोल्हारचे. अर्धांगाने खाटेवर पडलेले, जीभ जड झालेली. दर बुधवारी त्यांची दाढी करायला सखाराम न्हावी यायचा. तोही कोल्हारचाच, गावी सारखं जाणंयेणं असलेला. तो साबण लावू लागला की अण्णा कसंबसं म्हणायचे, "मास्तर?" गावातले ख्रिस्ती मास्तर त्यांचे लहानपणापासूनचे सोबती, दोघं प्रवरेत बरोबरच पोहायला शिकलेले. "मास्तर बरं हायती. तुमची लई याद काढत्यात," एवढं सखारामने सांगितलं की अण्णांचा आठवडा निभायचा.

मशीन आलं आणि मुलाने सखारामचं येणं बंद केलं. अण्णांचे वाढलेले खुंट त्या मशीनला कापवेनात. ते उपटायलाच लागलं. म्हातारा ओरडला. "नखरे पुरे, अण्णा!" म्हणत याने त्यांचं तोंड गच्च धरलं आणि दोन्ही गाल सोलून काढले. वर आम्हांला म्हणतो, "बघा, कसे गुलाबी झालेत!"

पुढच्या बुधवारी सखाराम दारात आला. "दादासाहेब, दाढी ऱ्हाऊ द्या. मास्तरांचा निरोप हाय, तेवढा अण्णांच्या कानावर घालतो."

"निरोपाच्या निमित्ताने वस्तरा घुसवतोस होय? चल, नीघ!"

आतून अण्णांचं "मास्तर? मास्तर?" चाललं होतं. याने दार लावून घेतलं. त्या दिवशी मला त्याची किळस आली.

थोड्याच दिवसांत अण्णा गेले. दहाव्याला मुंडण करायचं तर तिथे मशीन काय कामाचं? घरचा न्हावी म्हणून सखारामलाच बोलावणं गेलं, आणि तो आला. सीना नदीच्या काठी त्याने याचं डोकं भिजवलं, वस्तरा लावला आणि शांतपणे बोलायला लागला.

"मास्तरांनी हातरून धरलं व्हतं. मला म्हनले, अण्णाला मोटारीत घालून आन, एकदा डोळ्यांनी बघू दे. न्हाईच जमलं तर त्याचा एक शबूद तरी आन. तुमच्या दारातनं मी तसाच माघारी गेलो. वाटंकडं बघत बघतच मास्तर गेले."

"पुरे," हा म्हणाला.

"मान खाली. वस्तरा लागंल." सखारामने डोकं दाबलं. "शेवटाला त्यांनी इचारलं, अण्णा माझ्यावर रागावला का रं?"

आम्ही सगळे ऐकत होतो. कुणीही सखारामला थांबवलं नाही. मला तर त्याने आणखी बोलावं असंच वाटत होतं.

डोकं झालं. सखारामने वस्तरा पुसला आणि याचं तोंड वर केलं.

"आता मिशी," तो म्हणाला. "रडू नका, ओठ हालतोय."