निळा झेंडा आणि नऊ नंबरची गाडी

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टशेजारी नोटीस बोर्ड आहे. त्यावर पाण्याच्या टाकीची सूचना आणि योगवर्गाची वेळ यांच्यामध्ये साडेचार महिने एक कागद लावलेला होता. गो-कार्टिंगच्या निकालाचा. त्यात पहिलं नाव माझं होतं आणि कुणीतरी बाजूला पेनाने ‘वय ७१!’ असं लिहिलं होतं. तो कागद चुकीचा होता. चुकीचा आहे हे मला तो छापून आला त्याच दिवशी कळलं होतं. ‘मला नंतर समजलं’ असं मी एक-दोघांना सांगितलंय, तेही खोटं.

नातीची दहावीची परीक्षा संपली तेव्हाची गोष्ट. तिला त्या छोट्या शर्यतीच्या गाड्या चालवायच्या होत्या. घाटकोपरच्या बाजूला तसा एक ट्रॅक आहे. मुलगा, सून, नात आणि मी असे चौघं गेलो. मी बाकावर बसून पिशव्या सांभाळणार, असं घरातून ठरवून निघालो होतो. पण गाडी पाहिली आणि माझं ते ठरवणं तिथंच संपलं.

मी अडतीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली. कुठलंही यंत्र दिसलं की आधी वाकून खालून बघायचं, ही सवय हाडात मुरलेली. ही गाडी म्हणजे नुसता पाइपांचा सांगाडा. गिअर नाही, स्प्रिंग नाही, दार नाही. बूड जमिनीपासून चार बोटं वर. शेजारी इंजिन, तिथून मागे साखळी. आणि मागची दोन्ही चाकं एकाच जाड सळईला पक्की. मी तिथंच अडकलो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं, आतल्याला कमी. दोन्ही एकत्र फिरणार असतील तर ही गाडी वळते कशी? मुलाला विचारलं. तो म्हणाला, “बाबा, चालवायची की उघडायची?”

मी चालवायची ठरवली.

काउंटरवर नावं लिहिली आणि प्रत्येकाला गाडीचा नंबर मिळाला. सुनेला चार, मला नऊ. आमच्याबरोबर आणखी दोन अनोळखी तरुण होते. डोक्याला कापडी टोपी, त्यावर घामाचा वास मारणारं हेल्मेट. सुनेला जांभळ्या कुर्त्यावरची ओढणी काढून ठेवायला लावली. बाहेर गाड्या रांगेत उभ्या होत्या, चार नंबर सगळ्यांत पुढे, नऊ शेवटी. सून चार नंबरपाशी गेली, मागे वळून बघितलं आणि मला म्हणाली, “बाबा, तुम्ही मागे कशाला? पुढे या.”

आमच्याकडे हे असंच चालतं. पंगतीत, जीपमध्ये, फोटोत, मोठ्या माणसाला पुढची जागा. देणाऱ्याच्या लक्षात येत नाही आणि घेणाऱ्याच्याही. मी पुढे जाऊन चार नंबरमध्ये बसलो. ती मागे जाऊन नऊमध्ये बसली. काउंटरवर सांगायचं कुणाला सुचलं नाही.

उजव्या पायाला वेग, डाव्या पायाला ब्रेक. बस, एवढंच. तरी मी दोन्ही पाय एकदम दाबत होतो आणि गाडी आचके देत होती. स्टिअरिंग इतकं जड की तिसऱ्या फेरीला मनगटं भरून आली. एका वळणावर टायरांच्या भिंतीला जाऊन टेकलो. एकामागून एक गाड्या पुढे जात होत्या. जांभळा कुर्ता घातलेली एक गाडी माझ्या आतल्या बाजूने गेली, थोड्या वेळाने पुन्हा गेली. बाकी सगळे टीशर्टमध्ये होते, कुर्ता एकच होता.

याच सुमारास वळणावर उभ्या असलेल्या माणसाने माझ्याकडे बघून निळा झेंडा हलवला.

निळ्या झेंड्याखाली माझं आयुष्य गेलंय. तरुणपणी मिरवणुकीत तो धरायला मिळावा म्हणून मी पहाटेपासून उभा राहायचो. मला वाटलं, हा आपल्यातला कुणीतरी, म्हाताऱ्याला ओळखून हिंमत देतोय. मी हात उचलून हेल्मेटमधूनच मोठ्याने जयभीम केला आणि गाडी रस्त्याच्या बरोबर मध्ये ठेवली. तो आणखी जोरात हलवायला लागला. मीही आणखी जोरात हात केला.

उतरून हेल्मेट काढलं. काउंटरवरून निकालाचा कागद आला. ज्याची एक फेरी सगळ्यांत कमी वेळात, तो पहिला. पहिला मी, दुसरा मुलगा, मग ते दोन तरुण, मग नात. शेवटची सून, सगळ्यांपेक्षा कितीतरी मागे.

नातीने किंचाळून मला मिठी मारली. ते दोघं अनोळखी तरुण येऊन हात मिळवून गेले. मला माहीत होतं की काहीतरी उलटं झालंय. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता. पण मागच्या कित्येक वर्षांत माझ्यासाठी कुणी असे हात पुढे केले नव्हते. मी हसलो, आणि मग उशीर झाला.

सून कागद बघत होती. “मला वाटलं होतं मी बरी चालवली,” एवढंच ती म्हणाली. गोल रस्त्यावर नवशिक्याला कळत नाही की आपण मागे टाकलेला माणूस खरंच मागे आहे, की फेरीभर पुढे. तिने कागदावर विश्वास ठेवला.

नातीने फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला, सेक्रेटरीने कागद बोर्डावर लावला. पुढच्या पौर्णिमेला विहारात मला शाल दिली. मी ती घेतली.

इथपर्यंतचं सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण सून तेव्हा गाडी शिकत होती. ती अंधेरीला एका लॅबमध्ये काम करते, सकाळी सातला पोचायचं, दोनदा वाहन बदलून. मुलगा बाइकने ठाण्याला जातो, त्यामुळे घरची गाडी आठवडाभर कव्हर घालून खाली उभी. तिने लर्निंग लायसन्स काढलं होतं, क्लासचे अकरा धडे झाले होते. एकदा जेवताना ती म्हणाली, आता रविवारी आपली गाडी मुलुंडहून पवईपर्यंत नेऊन बघते. मुलगा भाकरी मोडता मोडता म्हणाला, “जिला बाबांनी हरवलं तिला मी हायवेवर स्टिअरिंग देऊ?” तो वाईट नाही, त्याला विनोद करायचा होता. नात हसली. मी ताटात बघितलं. पुढच्या आठवड्यात सूनबाई क्लासला गेली नाही. विचारलं तर म्हणाली, वेळ नाही मिळत. त्यानंतर ती गेलीच नाही.

मी मात्र गेलो, ट्रॅकवर. आठवड्यातले चार दिवस सकाळी तिथं नवशिक्यांना शिकवतात. कागदावर जे लिहिलंय ते खरं करून टाकावं, म्हणजे खोटं उरणार नाही, असा माझा हिशेब होता. शिवाय ती सळई मला झोपू देत नव्हती.

शिकवणाऱ्या बाई चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. “काका, एका वेळी एकच पाय,” हा पहिला धडा. दुसरा, ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, वळणात नाही. तिसरा, नजर पुढच्या चाकावर नको, जिथं जायचंय तिथं हवी. मी सळईचं विचारलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. त्यांनी मला खाली बसवून दाखवलं. स्टिअरिंग फिरवलं की पुढचं आतलं चाक खाली दाबलं जातं, सांगाडा पिळतो आणि मागचं आतलं चाक जमिनीवरून किंचित उचलतं. क्षणभर गाडी तीन चाकांवर असते, म्हणून ती वळते. मी त्या पाइपांवरून हात फिरवला. म्हणजे स्प्रिंग नव्हती असं नाही, अख्खा सांगाडाच स्प्रिंग होता. इतका आनंद मला शालीचा झाला नव्हता.

मग झेंडे आले. पिवळा म्हणजे पुढे धोका, हळू. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, बाजूला हो, तिला जाऊ दे.

मी बाईंना त्या दिवसाचा जयभीम सांगितला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मागे कोण होतं तेव्हा?”

मी उलट विचारलं, वेळ कोण मोजतं? त्यांनी सीटच्या मागची काळी डबी दाखवली. “ही रेषेवरून गेली की संगणकात नोंद होते. तिला गाडीचा नंबर ठाऊक, काका. माणूस कोण बसलाय ते तिला काय माहीत.”

कारखान्यात कुणी काय काम केलं ते लिहिलेलं जॉबकार्ड बदललं गेलं तर मी फोरमनशी भांडायचो. दुसऱ्याचं चांगलं काम माझ्या नावावर चढलं तरीसुद्धा. तो माणूस कुठं गेला, असा प्रश्न मला तिथं वाकून बसलेला असताना पडला. आणि तरीही घरी सांगायला मी आणखी दोन महिने घेतले. शेवटी कपाटात माझी पेन्शनची कागदपत्रं शोधताना सुनेचं लर्निंग लायसन्स हाताला लागलं. सहा महिन्यांची मुदत, त्यातले पंचवीस दिवस उरले होते.

रविवारी चौघं नाश्त्याला बसल्यावर मी सगळं सांगितलं. गाड्यांची अदलाबदल, जांभळा कुर्ता, काळी डबी.

“म्हणजे आजोबा, तू लास्ट?” नातीने विचारलं.

“शेवटचा. आणि पहिली तुझी आई.”

मुलगा हसायला लागला, मग बायकोचा चेहरा बघून थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं.

“तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं?”

“हो.”

“आणि मी क्लास सोडला तेव्हा?”

“तेव्हाही.”

“बाबा, मी अकरा धडे घेतले होते. मला वाटलं, माझ्या हातातच नाहीये ते.”

ती उठून आत गेली. चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. त्या चार दिवसांत मी बोर्डावरचा कागद काढून त्यावर पेनाने नावांची अदलाबदल केली, खाली सही केली आणि परत लावला. विहारात शाल परत न्यायला गेलो. ते म्हणाले, दिलेली शाल घेत नसतात, म्हणून तिथंच उभं राहून सगळं सांगून आलो. पाचव्या दिवशी क्लासची गाडी बिल्डिंगखाली येऊन थांबली आणि सून खाली जाऊन स्टिअरिंगवर बसली. मी खिडकीतून पाहिलं.

शनिवारी ती म्हणाली, “बाबा, बूट घाला.” कुठं ते मी विचारलं नाही. घरची गाडी मुलाने चालवली, नात आणि मी मागे बसलो, ती त्याच्या शेजारी बसून प्रत्येक सिग्नलला त्याला काहीतरी विचारत होती.

ट्रॅकवर तिने काउंटरला नऊ नंबर मागून घेतला. नाव आणि नंबर समोरासमोर लिहिलेत का, ते स्वतः वाचून खात्री केली. त्या दिवशी नऊ नंबर सगळ्यांत पुढे उभी होती. मला वाटलं, सवयीने ती मागे वळून बघेल. ती सरळ जाऊन बसली. मी मागच्या एका गाडीत बसलो.

चौथ्या फेरीत मला निळा झेंडा दिसला. मागे वळून बघायची गरज नव्हती. मी बाहेरच्या कडेला सरकलो, उजवा पाय उचलला, आणि ती आतून गेली. वळणात तिचं मागचं आतलं चाक कागदभर उचललेलं मला स्पष्ट दिसलं.

त्या दिवशीचा तिचा वेळ पहिल्या दिवसापेक्षा थोडा जास्त निघाला. नात म्हणाली, तरी पहिली तूच ना. पण सून कागद घेऊन शिकवणाऱ्या बाईंपाशी जाऊन उभी राहिली होती, आणि दुसऱ्या वळणावर नेमकं काय चुकतंय ते विचारत होती. मीही पुढे होऊन ऐकू लागलो.