चष्मेवाल्या वहिनींची ट्रायथलॉन

चष्म्याच्या दुकानातल्या बाईंना सगळी गल्ली चष्मेवाल्या वहिनी म्हणायची. दुसऱ्यांचे नंबर काढण्यात त्यांची हयात गेली होती, आणि स्वतःचा नंबर असा, की चष्मा काढला तर दारामागे कोट टांगलाय की नवरा उभा आहे हे विचारून घ्यावं लागे. पन्नाशीच्या तोंडावर त्यांच्या डोक्यात ट्रायथलॉनचं खूळ शिरलं. आधी तळ्यात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं.

"यातलं एक काहीतरी कर ना," नणंद म्हणाली. "तिन्ही कशाला?"

नवऱ्याने पेपरात डोकं घातलं. तो संसारात मुरलेला माणूस होता.

वर्षभर वहिनींनी मान मोडून सराव केला. पोहायच्या गॉगलला आपल्या हातांनी नंबराच्या काचा बसवल्या. शर्यतीच्या सकाळी शिट्टी वाजली, सगळे एकदम पाण्यात घुसले, कुणाची तरी टाच वहिनींच्या तोंडावर बसली आणि गॉगल सुटून तळ गाठता झाला.

आता पुढे नुसता पांढरा धूसरपणा. पाण्यातल्या नारिंगी फुग्याला वळसा घालून परतायचं होतं. नारिंगी काहीतरी दिसलं, तशा वहिनी त्या रोखाने निघाल्या. पण जितकं पोहावं तितका फुगा पुढे सरके. शेवटी दम लागून त्या थांबल्या, तर फुगा बोलला.

"ताई, कुठे निघालात?"

नारिंगी जाकीट घातलेला नावाडी होडीतून गस्त घालत होता.

"फुग्याकडे."

"तो केव्हाच मागे राहिला. होडीत बसता का?"

"बसले तर शर्यत गेली."

"ती गेलीच आहे," नावाडी समजुतीने म्हणाला.

वहिनींना रडू फुटलं. पण गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेल्या बाईचे अश्रू कोण बघणार, म्हणून त्यांनी ते आवरलं. "तुम्ही नुसतं डावीकडे-उजवीकडे सांगत चला," त्या म्हणाल्या. नावाडी गाडी मागे घ्यायला सांगावी तसा ओरडत राहिला आणि वहिनी फुग्याला वळसा घालून काठाला लागल्या.

काठावर सायकली अडकवायच्या दांडीला एकच सायकल उरली होती. आपली कुठली, हा प्रश्न तरी मिटला. चष्मा मात्र नवऱ्याकडे, आणि नवरा चहाच्या टपरीवर. नणंदेने हाका मारमारून त्याला आणला. चष्म्याच्या काचांवर बोटांचे ठसे उमटले होते.

"पुसून ठेवलाय," तो अभिमानाने म्हणाला. कशाने, हे वहिनींनी विचारलं नाही.

सायकलवर जाताना वारा समोरून होता. वळून येताना पाठीवर येईल म्हणून त्या कळ काढत राहिल्या, तर येतानाही तो समोरूनच. पळायची वेळ आली तेव्हा पाय दुसऱ्या कुणाचे तरी उसने आणल्यासारखे पडू लागले. रस्त्यावरचे दोर गुंडाळणं सुरू झालं होतं. एवढ्यात नणंद पर्स सावरत, चपला फटफटवत शेजारी आली.

"मी पळत नाहीये," ती धापा टाकत म्हणाली. "घरी चल, हे सांगायला आलेय."

"मग सांग."

"सांगतेच आहे."

असं सांगत सांगत ती शेवटपर्यंत आली.

शेवटी हवा भरलेली कमान असणार होती. वहिनी पोहोचल्या तेव्हा तिच्यातली हवा काढून झाली होती आणि ती रस्त्यावर आडवी पसरली होती. त्या तिच्यावरून चालत पलीकडे गेल्या.

"वेळ संपली, बाई," खुर्च्या रचणारा पंच ओशाळून म्हणाला. "यादीत 'पूर्ण नाही' असंच लागेल."

"लागू दे. मी आले, हे तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग झालं," असं म्हणून वहिनी मागे वळून त्या कमानीवरच बसल्या. बसल्या त्या बसल्याच. गुडघे वाकायला तयार झाले होते, उलगडायला नाही.

"बाई, जरा उठता का? घडी घालायचीय."

"तुम्ही त्या बाजूने सुरुवात करा," वहिनी म्हणाल्या. नणंदही त्यांच्या शेजारी टेकली आणि चपलेतला खडा काढू लागली.