प्रयागबाईंनी परसात सांगितलेलं

देवकी कुणी उठायच्या आत आपली लुगडी स्वतः का धुते, हा प्रश्न पुष्पलताबाईंच्या मनातून जाईना. लेक बाळंत होऊन पंधरा दिवस झाले होते. मूल मोठं, चिमटा लावावा लागला. फाटलं ते थेट शौचाच्या जागेपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी टाके घातले आणि बजावलं, "पाणी भरपूर, भाज्या भरपूर, कुंथायचं नाही. काही वेगळं वाटलं तर लगेच फोन करा." पण बाळंतिणीनं जास्त पाणी प्यायलं की पोट सुटतं, ही घरची समजूत. बी.ए. झालेल्या पुष्पलताबाईंनी तीच पाळली. डिंकाचे लाडू आणि दिवसाला दोन पेले पाणी.

आंघोळ घालायला उमरेडकडच्या प्रयागबाई येत. इतवारीतल्या कितीतरी बाळंतिणी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. जीभ तिखट. "काय वं देवके, अंग काहून चोरून राहिली? मी काय तुही सासू होय?"

त्या दिवशी मात्र न्हाणीतून बाहेर येताच त्या पुष्पलताबाईंना परसात घेऊन गेल्या.

"बाई, पोरगी भेवानं जेवत नाही. चार दिवस तुंबते, मंग कपड्यातच होते. तिले समजत बी नाही."

"होईल हळूहळू बरं."

"माह्या बाळंतपणात माही माय बी असंच म्हणे. तेहतीस वर्षं झाले." प्रयागबाई पदरानं हात पुसत राहिल्या. "मी पंगतीत बसत नाही, एसटीत बसत नाही. भावाच्या लग्नाले गेली नाही, तर लोक म्हणाले, प्रयागीले लय गर्व आला. हे न्हाणीतलं काम काहून धरलं? पाणी हाताशी राहते."

पुष्पलताबाईंनी आत जाऊन तांब्या भरून देवकीपुढे धरला. तिनं आधी आईकडे पाहिलं, मग दम न घेता रिकामा केला.

फोन शेजारच्या गोपाळरावांच्या बैठकीत होता. तिथे या वेळी पत्ते चालत. चार पुरुषांदेखत हे शब्द कसे उच्चारायचे, म्हणून संशय येऊनही त्या आठवडाभर टाळत आल्या होत्या.

"प्रयागबाई, तिच्याजवळ बसा जरा," त्या चपला घालत म्हणाल्या. "मी रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंना फोन करून येते. ऐकू दे कुणाला ऐकायचं ते."