काठीखालचा घोटा

आमचे हे हुतूतूत पाय मुरगळून घरी आले तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोघा मित्रांच्या खांद्यांवर हात टाकून लंगडत आले, आणि तोंडावर हसू. डाव जिंकले होते म्हणे. मला त्या जिंकण्याचा असा राग आला की पाणी द्यायचं सोडून मी तरातरा आत निघून गेले.

राग मुरगळलेल्या पायाचा नव्हता, येणाऱ्या संक्रांतीचा होता. सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा भरते आणि तिच्यात नंदीध्वज निघतात. आम्ही त्यांना नुसतं काठ्या म्हणतो. घरांच्या वर डोकं काढणारी, सजवलेली, चांगली जड काठी एकटा माणूस कमरेशी तोलून धरतो आणि अनवाणी चालतो. थोड्या वाटेनंतर दुसरा पुढे होतो. आमच्या घराकडेही अशा एका टप्प्याचा मान होता, आणि तो माझे सासरे सांभाळत आले होते. त्यांना मी मामा म्हणायची. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच तो मुलाला द्यायचं ठरवलं होतं, आणि मुलगा दिवाळीचा फराळ संपायच्या आत हुतूतू खेळायला पळाला.

मामांनी सुजलेला घोटा पाहिला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "सरावाला काठी हलली तर तुज्या चुलतभावाला देनार. मान घराचा हाय, तुजा एकट्याचा न्हाय." यांचं हसू तिथंच मावळलं.

आंबेहळदीचा लेप लावायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या एकत्र घरात दिवसाढवळ्या नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती; ती त्या घोट्याने करून दिली. सासूबाई स्वतःच म्हणायच्या, "जा गं, पाय बघ त्याचा." सणावाराला नमस्कार करताना ज्या पायांना मी घाईघाईने हात लावायची, त्यातला एक आता मांडीवर घेऊन बसायला लागले. लेप लावता लावता बघायची. बाहेरचं हाड, आतलं हाड आणि मधून गेलेल्या दोऱ्यांसारख्या शिरा. एवढीशी जागा, माझ्या मुठीत येईल न येईल अशी. यावर हा उंचनिंच माणूस दिवसभर कापडाच्या दुकानात उभा राहतो, यावर धावतो, उड्या मारतो, आणि यावरच ती काठी तोलायची. आजवर कुणी मला हे सांगितलं कसं नाही, असं वाटलं. मी हळूच कोपऱ्यात जाऊन माझाही घोटा चाचपून पाहिला.

सूज उतरली, पण जोर येईना. नुसता उंबरठा ओलांडतानाही पाय बाहेरच्या अंगाला कलंडायचा. खेळातल्या मित्राने सांगितलं की नव्या पेठेत खेळाच्या सामानाच्या दुकानात घोट्यावर चढवायचा रबरी पट्टा मिळतो. यांना तिथे जायची लाज. पेठेत सगळे ओळखीचे, थट्टा करतील म्हणून. मग सासूबाई आणि मी बांगड्या भरायचं निमित्त काढून निघालो.

दुकानात छताला फुटबॉलच्या आतली पिशवीगत रबरं टांगलेली, खाली बॅटींचा ढीग. दोन बायका आत शिरलेल्या पाहून दुकानदार उठूनच उभा राहिला. मी पदराची गाठ सोडून दोरा पुढे केला. यांच्या घोट्याचं माप त्यावर गाठ मारून आणलं होतं. त्या मापाचा पट्टा घेऊन आम्ही ऐटीत घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो पट्टा घसरून पावलावर गोळा झालेला. हे म्हणाले, "पैंजण आणलंस की गं माझ्यासाठी."

परत गेलो. दुकानदाराने विचारलं, माप कधी घेतलं? मी म्हटलं, संध्याकाळी, दुकानातून आल्यावर. तो कपाळाला हात लावून हसला. "दिनभर खड़ा आदमी, शाम कू पाँव फुगताच. सुबू उठे बराबर नाप लेना बाई." दुसऱ्या दिवशी सकाळचं माप नेलं तेव्हा त्याने पट्टा बदलून दिला. मग आपल्याच बोटाचं नख दाबून दाखवलं. पट्टा चढवल्यावर अंगठ्याचं नख असं दाबायचं, पांढरं पडून लगेच लाल झालं तर ठीक, बोटं गार पडली तर घट्ट आहे. रात्री काढून ठेवायचा. आणि नुसत्या पट्ट्यावर विसंबायचं नाही, नाहीतर पाय आळशी होतो.

नवा पट्टा मात्र बेतशीर बसला. हे पहिल्यांदा पाऊल टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "कुणीतरी हातानं धरून ठेवल्यागत वाटतंय." रोज पहाटे अंगणात ते एका पायावर उभे राहायचे, आधी भिंतीला हात लावून, मग हात सोडून. मी चुलीशी बसून दारातून तो पाय बघायची. घोट्याभोवती लहान लहान शिरा थरथरायच्या, हे जरा इकडे कलले की त्या तिकडे ओढायच्या. सगळं आपोआप. देवळात गेल्यावर गाभाऱ्यात जसं बोलवत नाही, तसं मला व्हायचं. भाकरी करपली की सासूबाईंची हाक यायची.

सगळं सुरळीत चाललं असताना मामांनी दोरीवर वाळणारा पट्टा पाहिला. त्याच्या वरच्या कडेला बक्कल लावलेली चामड्याची पट्टी होती. मामांनी ती बोटाने उचलली.

"ह्ये कातडं हाय. कातडं अंगावर घिऊन काठीला हात लावायचा न्हाय."

मी कात्री आणली आणि त्यांच्यासमोरच ती पट्टी उसवून काढली. पट्टा तिच्याशिवायही बसत होता. मामांनी उरलेला पट्टा ताणून पाहिला आणि त्यांचा चेहरा आणखी कठोर झाला.

"आन् ह्ये ताणतंय त्ये? ह्ये बी जनावराचंच की. आतड्याचं असंल."

"न्हाय मामा, रबर झाडाचा चीक असतोय म्हनं."

"कुनी सांगितलं?"

"दुकानदारानं."

"इकनारा काय बी सांगतोय."

सराव दोन दिवसांवर, आणि पट्ट्याशिवाय अजून या पायाचा भरवसा नव्हता. मामा मागच्या दाराने बाहेर गेले. परसाच्या पलीकडे वड होता. त्यांनी एक पान खुडलं, देठाशी आलेला पांढरा चीक अंगठ्यावर घेतला आणि बोटाने चोळत बसले. चोळता चोळता तो घट्ट झाला. मग त्यांनी बोट आणि अंगठा हळूच दूर केले. मधे बारीक धागा ताणला गेला, तुटला नाही. मामांनी तो पुन्हा पुन्हा ताणून पाहिला. एवढं आयुष्य त्या वडाखाली काढलेला माणूस, पोरागत डोळे मोठे करून बघत होता.

"हौदु," ते पुटपुटले. मनापासून काही पटलं की त्यांच्या तोंडून कानडीच यायची. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "झाडाचंच हाय. घालू दे."

सरावात साधी काठी होती. ती हलली नाही. मामांनी मान दिला, पण तोंड उघडून शाबासकी दिली नाही. सजवलेल्या काठीची गोष्ट निराळी, एवढंच म्हणाले.

अक्षतेच्या, म्हणजे जत्रेतल्या देवाच्या लग्नाच्या दिवशी बाकीच्या बायका माडीवर चढल्या. मी सासूबाईंना विनवून खाली ओट्यापाशीच थांबले, कारण माडीवरून पाय दिसला नसता. रस्ता माणसांनी भरलेला, फुलं, तेल आणि पाणी पडून फरशा निसरड्या झालेल्या. यांच्या कमरेशी काठी आली. पांढरी बाराबंदी, पांढरं धोतर, अनवाणी पावलं आणि धोतराच्या काठाखाली तो पट्टा. "हर्र बोला हर्र" असा गजर उठला आणि सगळ्यांच्या माना वर गेल्या. मी खालीच बघत राहिले.

आमच्या समोर आल्यावर यांचं पाऊल सरकलं. घोटा बाहेरच्या अंगाला कलंडला, अगदी उंबरठ्यावर कलंडायचा तसा. क्षणभर तो तसाच तिरका राहिला आणि मग, कुणी हाताने धरून उभा करावा तसा, सावकाश सरळ झाला. वर काठीचं टोक जरासं डोललं असेल. लोकांना वाटलं देव आनंदला, गजर दुप्पट झाला.

मी डोळे पुसले आणि पाहिलं, तर काठीशेजारून मामा चालत होते. आयुष्यभर काठी वाहिलेला तो माणूस, पण त्यांची नजर वर नव्हती. मुलाच्या घोट्यावर होती. ओठ घट्ट मिटलेले, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. एवढ्या जत्रेत खाली बघणारे आम्ही दोघंच होतो.

टप्पा संपला, काठी पुढच्या माणसाकडे गेली. तेव्हा कुठे मामांनी मान वर केली आणि हात जोडले. मीही त्या दिवशी तेव्हाच पहिल्यांदा काठीचं टोक पाहिलं.