बुरशीचे चूलबंद आमंत्रण

सहाच्या सहा प्लेटांवर बुरशी वाढली होती. ही बातमी डॉ. परांजपे यांनी पुण्याच्या लॅबमधून फोनवर दिली. त्यांचा आवाज शांत होता, त्यामुळे ती अधिक वाईट वाटली.

"तुमच्या यादीतली सहाही प्रोटीनं आम्ही एकेक करून काढून टाकली," ते म्हणाले. "बुरशीला काही झालं नाही. एका प्लेटवर तर ती जरा जोमानंच वाढलीय."

"सहाही, सर?"

"सहाही. आणखी एक यादी पाठवा. तीही अशीच निघाली, तर महाडचं ऑफिस चालू ठेवणं मला अवघड आहे."

महाडचे ऑफिस म्हणजे बाजारपेठेतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या वरची खोली. दोन कॉम्प्युटर, दर पावसाला रुसणारा एक मोडेम आणि दोन माणसे. एक मी, दुसऱ्या डेटा एंट्री करणाऱ्या सुमनताई. त्या पोलादपूरहून रोज एसटीने येत. दोन हजारनंतरची ती पहिली काही वर्षे. ऑफिस बंद झाले असते, तर मला पुण्याला जाता आले असते. सुमनताईंना काहीच उरले नसते.

काम असे होते. पेशीतली प्रोटीने एकटी राहत नाहीत, एकमेकांना धरून काम करतात. कोण कोणाला धरतो हे कागदावर मांडले की जाळे तयार होते. ठिपका म्हणजे प्रोटीन, रेघ म्हणजे संबंध. यातली काही प्रोटीने काढली तर पेशी मरते. पुण्याच्या लॅबला एका रोगट बुरशीतली अशी प्रोटीने हवी होती, कारण औषधाचा नेम तिथेच धरता येतो. हजारो प्रोटीने एकेक करून काढून बघायला वर्षे लागतात. म्हणून कॉम्प्युटरने आधी संशयितांची यादी करायची आणि लॅबने तेवढीच तपासायची.

माझी पद्धत सर्वांत साधी होती. ज्या ठिपक्याला सर्वांत जास्त रेघा, तो महत्त्वाचा. रेघांच्या या संख्येला डिग्री म्हणतात.

मी तीन दिवस प्रोग्राम तपासला. त्यात चूक नव्हती. चूक सापडली नाही की माणूस अधिक घाबरतो.

चौथ्या दिवशी इक्बालभाई जिना चढून वर आले. खालची ट्रान्सपोर्ट कंपनी त्यांची, आमची खोलीही त्यांचीच. हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. महिन्याभराने मुलीचे लग्न होते.

"मॅडम, चूलबंद आमंत्रण हाय," ते म्हणाले. "सुमनताई, तुम्हाला पण. त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटली असं कानावर आलं, तर पोलादपूरला येऊन विझवीन."

चूलबंद म्हणजे अख्ख्या घराला आमंत्रण. घरी कोणी जेवायचे नाही, म्हणून चूल बंद.

"आमच्याकडं अकरा माणसं हायत, इक्बालभाई," सुमनताई म्हणाल्या. "सासूबाईंचे भाऊ येऊन राहिलेत. ते धरून बारा."

"बारा या. मामांना पुढच्या रांगेत बसवू."

"म्हणजे आमची बारा नि तुमची सगळी, एकमेकांची सोयरी झाली. माझ्या शीटसारखं."

मी मान वर केली. "शीटसारखं म्हणजे?"

लॅबकडून आम्हाला छापील शीट येत. एका प्रोटीनला गळासारखे वापरायचे, ते ओढून काढायचे आणि त्याला चिकटून कोणकोण वर येते ते लिहायचे, असा तो प्रयोग. शीटवर पहिले नाव गळाचे. खाली चिकटून आलेल्यांची.

"वर एक नाव, खाली अकरा," सुमनताई म्हणाल्या. "बारा माणसांचं घर. मी प्रत्येकाचं प्रत्येकाशी नातं लावते. वेळ लागतो, पण काम अर्धवट नाय ठेवायचं."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच, मॅडम. पहिल्याच दिवशी. म्हणालात, एका शीटवरची सगळी एका घरची समजा."

म्हणाले होते. समजायला सोपे जावे म्हणून म्हणाले होते.

गळ आणि त्याला चिकटलेले अकरा, म्हणजे रेघा अकरा. सर्वांना सर्वांशी जोडले की त्या सहासष्ट होतात. आमच्याकडे शेकडो शीट होती. सुमनताईंनी एकही घर अर्धवट ठेवले नव्हते.

मी पहिल्या यादीतले पहिले प्रोटीन शीटवर शोधले. ते जवळजवळ निम्म्या शीटवर होते. गळ कोणताही टाका, हे आपले चिकटून वर. प्रत्येक वेळी त्याला त्या शीटवरच्या सर्वांशी नाते मिळाले होते आणि असे करत ते जाळ्यातले सर्वांत मोठे प्रस्थ झाले होते. बाकीची पाचही त्याच जातीची निघाली. मला हसू येऊ लागले आणि थांबेना.

इक्बालभाई चहासाठी बसले होते. त्यांनी कारण विचारले. मी सांगितले.

"असा एक माणूस आमच्या मोहल्ल्यात हाय," ते म्हणाले. "महाडातलं एक लग्न सोडत नाय. मुलीकडच्यांनी विचारलं की सांगतो मुलाकडचा, मुलाकडच्यांनी विचारलं की मुलीकडचा."

"तो आला नाही तर?"

"बिर्याणी उरेल."

"मग कोण आलं नाही तर लग्न अडेल?"

मला वाटले ते काझी म्हणतील. पण त्यांचा जन्म ट्रान्सपोर्टमध्ये गेला होता.

"भांड्यांचा टेम्पो," ते म्हणाले. "लग्नसराईत इथं मोठी भांडी मिळाली नाय, खेडहून मागवलीत. कशेडी घाट उतरून पोलादपूरला अडकला, तर काझीसकट सगळे उपाशी."

"बघा," सुमनताई म्हणाल्या. "बाजार महाडचा, कोर्ट महाडचं, डेपो महाडचा. पण गोव्याचा, महाबळेश्वरचा नि मुंबईचा रस्ता भेटतो आमच्याकडं. पोलादपूर बंद केलं तर तुम्ही जेवणार नाय."

"एवढंसं गाव तुमचं," इक्बालभाई म्हणाले.

"एवढंसंच पुरतं."

या मापालाही नाव आहे. जाळ्यातले कोणतेही दोन ठिपके घ्या आणि त्यांच्यामधला जवळचा रस्ता काढा. असे सर्व रस्ते काढल्यावर कोणत्या ठिपक्यावरून सर्वांत जास्त जातात ते मोजा. याला बिटवीननेस म्हणतात. त्या ठिपक्याला रेघा चारच असतील, पण तो काढला की जाळ्याचे दोन तुकडे पडू शकतात. मला हे माहीत होते. परीक्षेत मी त्यावर दोन पाने लिहिली होती.

सुमनताईंनी सर्व शीट नव्याने भरली. या वेळी फक्त गळापासून खाली. जाळे इतके विरळ झाले की पडद्यावर पहिल्यांदाच त्याच्या आरपार दिसू लागले. मी नव्या मापाने प्रोग्राम चालवला. सहा नावे आली. एकाचेही नाव पहिल्या यादीच्या आसपास नव्हते. सुमनताईंनी पहिल्याचे नाव परस्पर पोलादपूर ठेवले आणि यादी पुण्याला गेली.

लॅबचा फोन आला तो लग्नाच्याच दिवशी. माझ्या मोबाइलला रेंज मिळत होती ती फक्त मांडवाच्या मागे, खेडच्या भांड्यांपाशी. टेम्पो वेळेवर आला होता.

"पाच प्लेट कोऱ्या आहेत," डॉ. परांजपे म्हणाले.

"कोऱ्या म्हणजे, सर?"

"काहीही उगवलं नाही. मेली बुरशी, तुमच्या पहिल्या नावाची सगळ्यात आधी. सहाव्या प्लेटवर आहे, पण रडतखडत."

"आणि ऑफिस?"

"चालू ठेवा. पुढची शीट सोमवारी पाठवतो. मागे एवढा आवाज कसला आहे?"

मी धावतच मांडवात शिरले. सुमनताई आपल्या बारा माणसांसह पंगतीत होत्या. लाउडस्पीकर चालू होता, म्हणून मी लांबूनच ओरडले, "पाच मेल्या, सुमनताई, पाच!" लाउडस्पीकर नेमका त्याच क्षणी बंद झाला.

अख्ख्या मांडवाने ते ऐकले. पुढच्या रांगेतले मामा हातातला घास ठेवून उठले. "कुठं? कशेडीला?"

"बुरशी, मामा," सुमनताई म्हणाल्या. "बुरशी मेली."

"मग बरं हाय," मामा म्हणाले आणि खाली बसले.

"पोलादपूर काढल्यावर मेली का?" सुमनताईंनी मला विचारले.

"सगळ्यात आधी."

पोलादपूरशिवाय कोणी जगत नाही, हे त्यांनी त्या पंगतीत प्रत्येकाला सांगितले. इक्बालभाईंनी विचारपूस न करता मला आणखी एक ताट वाढायला सांगितले. मी ते खाल्ले. हसता हसता खाणे कठीण असते.

सोमवारी सुमनताईंच्या कॉम्प्युटरवर मी एक कागद चिकटवला. "शीटवरचे पहिले नाव यजमान, बाकीचे पाहुणे. पाहुणे एकमेकांना ओळखतात असे धरू नये." तेव्हापासून कामावर कोणाला उपमा देऊन समजवायची वेळ आली, तर ती उपमा कुठे संपते हेही मी सांगते. समोरचा माणूस मन लावून काम करणारा असेल, तर आधी सांगते.